न चाललेली पिशवी

सावित्राबाईला रक्त दे म्हणून कुणी म्हटलं नव्हतं. ती आपणहून उठली आणि रक्तपेढीच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली.

वरच्या मजल्यावर तिचा मुलगा गणेश पडून होता. तो सुदुंबऱ्याच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. सकाळच्या पाळीला मोटरसायकलवरून निघाला आणि तळेगावच्या पुढे मागून आलेल्या टेंपोनं त्याला उडवलं. मांडीचं हाड मोडून कातडीबाहेर आलं होतं, रस्त्यावरच रक्त खूप गेलं होतं. दवाखान्यानं आधी आपल्याजवळच्या पिशव्या लावल्या. ऑपरेशनला आणखी लागतील, तेव्हा घरच्या माणसांनी रक्त देऊन ठेवावं, असं सांगितलं.

घरची माणसं म्हणजे गणेशचा बाप शिदू, शिदूची बायको मंगल आणि मंगलचे दोन मुलगे. सावित्राबाई गणेशची जन्मदाती, पण ती त्या घरची नव्हती. तिला त्या घरातून काढल्याला वीस वर्षं होऊन गेली होती.

भुशी धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या खांद्यावर शिदूची वाडी. लग्न होऊन सावित्रा तिथं गेली तेव्हा पोरसवदाच होती. पहिल्या वर्षी गणेश झाला, सरकारी दवाखान्यात, सुखरूप. वाडीनं तिचं कौतुक केलं. मग मुलगी झाली. ती जन्मली तीच सुजलेली, आणि हळदीसारखी पिवळी पडून दोन दिवसांत गेली. तिसरा मुलगा तसाच पिवळा होऊन गेला. चौथं पोटातच गेलं. सासू म्हणायला लागली, हिची कूस लेकरं खाते. मग पहिलं कसं वाचलं, असं कुणी विचारलं तर तिच्याजवळ उत्तर तयार असायचं: पहिलं आमच्या नशिबाचं, बाकीची हिच्या. शिदूनं तिला भगताकडं नेलं. भगतानं तिच्या पोटावर तापल्या विळ्याचे डाग दिले, तेव्हा तिचे हात शिदूनंच धरले होते. त्यानंतर वर्षाच्या आत मंगल घरात आली, आणि सावित्राबाईचा भाऊ महिपती येऊन तिला माहेरी, भाजे गावाला, घेऊन गेला. गणेशला त्यांनी ठेवून घेतलं.

मंगलची दोन्ही मुलं टुणटुणीत निघाली. म्हणजे दोष कुणाचा होता, हे वाडीच्या दृष्टीनं ठरूनच गेलं.

भाज्याला सावित्राबाई भावाच्या घराला लागून असलेल्या पडवीत राहायची आणि मळवलीच्या बाजूच्या बंगल्यांवर कामाला जायची. शनिवार-रविवारी पाहुणे येत. सोमवारी त्यांच्या चादरी, खरकटी भांडी, रिकाम्या बाटल्या आवरायच्या. गणेश कमवायला लागल्यावर अधूनमधून यायला लागला. तिला तो 'भाज्याची आई' म्हणायचा. नुसती आई म्हणजे मंगल.

रक्तपेढीतल्या माणसानं तिला काट्यावर उभं केलं. वजन जेमतेम भरलं. बोट टोचून रक्ताचा थेंब त्यानं निळ्या पाण्यात सोडला. तो सरळ तळाशी गेला, म्हणजे अंगात रक्त पुरेसं होतं. मग काचेच्या पट्टीवर तीन थेंब घेतले, त्यात औषधं मिसळली आणि पट्टी हलवत बघत राहिला. एकाही थेंबाची गुठळी झाली नाही. त्यानं पुन्हा करून पाहिलं. मग हसून म्हणाला, "मावशी, तुमचं ओ निगेटिव्ह आहे. आपल्याकडं शंभरात एक-दोघांचं असतं. हे कुणालाही चालतं."

कुणालाही चालतं, हे तिनं मनाशी दोन-तीनदा म्हणून पाहिलं. तिच्याबद्दल असं काही कुणी बोलल्याचं तिला आठवत नव्हतं.

ती आडवी झाली, हातातला रबरी चेंडू सांगितल्याप्रमाणे दाबत राहिली. शेजारच्या डोलत्या तबकात पिशवी भरत होती. एवढं गडद असतं होय, असं तिला वाटलं. नंतर चहा आणि बिस्किटं मिळाली. तिच्यामागून शिदूनं दिलं, मंगलनंही दिलं. मंगलच्या थोरल्याचं वजन कमी भरलं, आणि धाकटा ऐन वेळी कुठंतरी चहाला गेला तो रांग संपल्यावरच उगवला. शिदूचं, मंगलचं आणि गणेशचं, तिघांचंही रक्त बी पॉझिटिव्ह निघालं. तिचं तेवढं वेगळं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑपरेशन झालं. हाडात सळई घातली आणि सगळं नीट पार पडलं, असं सांगण्यात आलं. गणेशला वॉर्डात आणलं तेव्हा त्याच्या हाताला रक्ताची पिशवी लावलेली होती. सावित्राबाई दारातून ती थेंबाथेंबानं उतरताना बघत उभी राहिली. ते आपलंच आहे, अशी तिची समजूत होती. मंगलनं डब्यातून आणलेली भाकरी तिनं त्या दिवशी पोटभर खाल्ली.

तिसऱ्या दिवशी सकाळी रक्तपेढीतून तिला बोलावणं आलं. तिथल्या डॉक्टर बाई वयानं तिच्यापेक्षा लहान होत्या. त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं आणि सोबत कोण आहे म्हणून विचारलं. बाहेरच्या बाकावर शिदू होता. तो आत येऊन दाराशी उभा राहिला.

बाईंनी विचारलं, तुम्हाला किती मुलं झाली?

"येक," सावित्राबाई म्हणाली. मग थांबून म्हणाली, "झाली चार."

बाकीची कशी गेली हे बाईंनी विचारून घेतलं. सुजली होती का, पिवळी पडली होती का, कितव्या महिन्यात. तिनं सांगितलं. इतक्या वर्षांत असं सगळं ओळीनं कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळं सांगताना तिचं तिलाच नवल वाटत होतं. बाई मान हलवत होत्या, जणू पुढचं उत्तर त्यांना आधीच ठाऊक होतं.

मग त्या म्हणाल्या, "तुम्ही दिलेली पिशवी आम्हाला कुणालाही देता येणार नाही. गणेशला ती दिलेली नाही. त्याला त्याच्याच गटाचं दिलंय, परवा तुमच्या घरच्या बाईंनी दिलं होतं ते."

सावित्राबाईला आधी एवढंच कळलं की त्या पिशवीतलं रक्त मंगलचं होतं.

पुढचं बाईंनी सावकाश समजावलं. माणसाच्या रक्तात एक घटक असतो. शिदूच्या रक्तात तो आहे, म्हणून त्याचं पॉझिटिव्ह. सावित्राबाईच्या रक्तात नाही, म्हणून तिचं निगेटिव्ह. पहिल्या बाळानं बापाचं घेतलं. बाळंतपणात त्या बाळाचं थोडं रक्त तिच्या अंगात मिसळलं. तिच्या अंगानं ते परकं मानलं आणि पुन्हा असलं रक्त आलं तर त्याला मारायची तयारी करून ठेवली. पहिलं बाळ तोवर बाहेर आलेलं होतं, म्हणून ते वाचलं. पुढची सगळी बापाचंच रक्त घेऊन आली आणि त्या तयारीच्या तावडीत सापडली. इतकी वर्षं झाली तरी ती तयारी तिच्या रक्तात अजून आहे. तपासणीत तेच दिसलं.

"म्हंजी म्याच मारली," सावित्राबाई म्हणाली.

"तुम्ही नाही. शरीराला आपलं-परकं तेवढं कळतं, बाळ कळत नाही. यात तुमचा काही दोष नाही, आणि यांच्या रक्ताचाही नाही." बाईंनी शिदूकडं पाहिलं. "यावर इंजेक्शन असतं. पहिल्या बाळंतपणानंतर तीन दिवसांच्या आत आईला दिलं की शरीर ती तयारी करतच नाही. तेव्हाही मिळायचं. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का?"

"न्हाई," ती म्हणाली.

शिदू वर पंख्याकडं बघत होता. आणि त्याचं ते वर बघणं पाहून सावित्राबाईला एक गोष्ट आठवली. गणेश झाल्याच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या सिस्टरनं शिदूला बाहेर बोलावलं होतं. तो परत आला तेव्हा तिनं काय म्हणून विचारलं होतं, आणि काही नाही म्हणून तो बाळाला खेळवत बसला होता. ती विसरूनही गेली होती. विसरण्यासारखीच गोष्ट होती ती.

बाईंनी शेवटी आणखी एक सांगितलं. असं रक्त घराण्यात असू शकतं. भावाबहिणींच्या मुलींमध्ये कुणाचं लग्न झालेलं असेल तर तिचा रक्तगट बघून ठेवा, एवढी काळजी घेतली तर पुढं काही होत नाही.

दवाखान्याच्या आवारात गाड्या लावायच्या जागेपाशी सिमेंटचा कट्टा होता. ती तिथं जाऊन बसली. शिदू जायला निघाला होता, तिनं त्याला थांबवलं. तो बसला, पण मधे एक माणूस मावेल एवढी जागा सोडून.

"सिस्टरनं तुमाला भायेर बोलावलं व्हतं," ती म्हणाली.

"कवा?"

"गणेशच्या टायमाला."

"लय जुनं झालं ते, सावित्रे."

"काय म्हनली ती?"

शिदूनं पायातली चप्पल काढली, परत घातली. मग म्हणाला, "म्हनली, सुई आना. लोनावळ्यात न्हाई, पुन्याला मिळंल. तीन दिसांत पायजे."

"मग?"

"आयला इचारलं. आय म्हनली, पोरगं धडधाकट हाय, बाळंतीन उठून बसलीया, सुई कुनाला टोचायची? मला बी पटलं. म्हाग बी लय व्हती. आन बारशाला बोकड सांगितलं व्हतं."

समोर एक रुग्णवाहिका मागं येत होती आणि पहारेकरी तिला हातानं वाट दाखवत होता. अडाणीपणा समजण्यासारखा होता. तिलाही त्या वेळी कुणी विचारलं असतं तर तिनंही कदाचित सासूसारखंच उत्तर दिलं असतं. एवढ्यावर ते थांबलं असतं तर तिनं पुढं विचारलंही नसतं. पण तिला मुलीच्या वेळचा डॉक्टर आठवला, जाडा, घाईघाईनं बोलणारा. त्यानंही शिदूलाच बाजूला घेतलं होतं.

"पोरीच्या टायमाला डाक्टरनं काय इचारलं तुमाला?"

शिदूनं उत्तर द्यायला इतका वेळ लावला की उत्तर तिला त्याआधीच कळलं.

"इचारलं, मागल्या टायमाला सुई दिलती का."

"तुमी काय सांगितलं?"

"दिलती म्हनलं."

"का?"

"समद्यांम्होरं कसं सांगू, न्हाई दिली म्हनून? शिव्या घातल्या असत्या त्यानं मला."

"तुला शिव्या बसत्याल म्हनून," सावित्राबाई म्हणाली. "तुला म्हाईत व्हतं. तिसऱ्याला म्हाईत व्हतं, चौथ्याला म्हाईत व्हतं. भगतानं ईळा तापिवला तवा बी तुला म्हाईत व्हतं."

लग्न झाल्यापासून तिनं त्याला एकदाही अरे-तुरे केलं नव्हतं. घराबाहेर काढल्यावरही नाही. शिदूनं इकडंतिकडं पाहिलं. त्याला बाकी कशापेक्षा तेच जास्त लागलं असावं, कारण तो दबक्या आवाजात म्हणाला, "नीट बोल. मानसं हायत."

ती उठली आणि त्याच्याकडं न बघता वर गेली.

वॉर्डाच्या बाहेर मंगल बसली होती. सावित्राबाईनं तिला सगळं सांगितलं, आवाज न चढवता, जसं झालं तसं. मंगल ऐकत राहिली. तिचा स्वभाव मुळात वाईट नव्हता. गणेशला तिनं आपल्या पोरांच्या बरोबरीनं वाढवलं होतं, हे सावित्राबाईही नाकारत नसे. सगळं ऐकून मंगल म्हणाली, "आक्का, मला ह्यातलं कायबी ठावं न्हवतं." आणि जरा वेळानं म्हणाली, "पर तवा त्यांनी सुई आनली असती, तर मी कुटं असते?" आत गणेशनं पाणी मागितलं तेव्हा मंगल उठून गेली.

गणेशला तिनं तो घरी जायच्या आदल्या दिवशी सांगितलं. एक गोष्ट मात्र गाळली. ही लढाई त्याच्याच रक्तापासून सुरू झाली होती, ते तिनं सांगितलं नाही. गणेशनं ऐकून घेतलं, पायाच्या पट्टीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "आबाला आता या वयात काय बोलू मी? झालं ते झालं. तू पन मनातनं काढून टाक." तिनं बरं म्हटलं. त्याच्याकडून तिची काय अपेक्षा होती हे तिला नीट सांगता आलं नसतं, पण ती ही नक्कीच नव्हती.

वाडीवर गेल्यावर लोकांनी विचारलं असेल, सावित्राबाईचं रक्त का परत केलं? शिदूनं सांगितलं, डॉक्टर बाई म्हणाल्या आमचं दोघांचं रक्त जुळत नव्हतं. एवढंच. खोटं काहीच नव्हतं त्यात. मग ते तोंडातोंडी खाली उतरलं. दूधवाल्याबरोबर लोणावळ्याला आलं, तिथून भाज्याला. भाज्याला येईपर्यंत त्याचं असं झालं होतं की सावित्राबाईचं रक्त विखारी आहे, डॉक्टरांनी तपासून गटारात ओतलं, आणि तिची पोरं त्या विखानंच गेली. आधी निदान ती अपशकुनी आहे असं नुसतं म्हणत. त्याला काही पुरावा नसे. आता दवाखान्याची साक्ष होती.

त्याच दिवसांत तिच्या भावाची मुलगी सारिका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सारिकाचं सासर पवन मावळातलं, माणसं कडक. सारिका येण्याच्या आदल्या दिवशी वहिनी मुक्ताबाई पडवीत आली आणि दाराशीच उभी राहून म्हणाली, "वन्सं, पोरगी बाळंत हुईस्तवर तुमी जरा दुसरीकडं ऱ्हाता का? मला तसलं काय वाटत न्हाई. पर तिची सासू येनार-जानार. लोक बोलत्यात." महिपती अंगणात सायकलला हवा भरत होता. तो भरतच राहिला. याच भावानं तिला एके काळी वाडीवरून आणलं होतं.

सावित्राबाईनं दोन लुगडी आणि भांडी गोळा केली आणि ती मळवलीला जैतुनबीकडं गेली. जैतुनबीचं स्टेशनजवळ अंड्यांचं आणि किराणाचं दुकान होतं. बंगल्यांसाठी माल नेता-आणताना दोघींची ओळख झाली होती. दुकानामागच्या खोलीत अंड्यांच्या ट्रेंची चळत लावलेली असे, ती सरकवून जैतुनबीनं तिला जागा करून दिली. सावित्राबाईनं स्वतःहून सांगितलं, माझ्याबद्दल लोक असं असं बोलतात, तुझ्या दुकानावर परिणाम व्हायचा. जैतुनबी म्हणाली, "तुझं रक्त तुझ्या अंगात हाय. माझी अंडी त्यांच्या कवचात हायत. झोप गप."

सावित्राबाईला डॉक्टर बाईंचं शेवटचं बोलणं विसरता येत नव्हतं. तिनं महिपतीला बाजारात गाठून सांगून पाहिलं. महिपती म्हणाला, बघतो. मग एका दुपारी सारिकाचाच फोन आला. घरात कुणी नसताना ती बोलत असावी.

"आत्या, माझं बी निगेटिव्ह हाय. पयल्या महिन्यातच कळलंय. आय म्हनली, तिकडं सासरी कुनाला कळू द्यायचं न्हाई. तुमच्यासारखं हाय म्हनत्याल."

"सिस्टरला म्हाईत हाय का?"

"व्हय. ती म्हनली, बाळ झाल्यावर येक सुई घ्यायची. पर आत्या, तुमी कुनाला बोलू नका. मला नांदायचं हाय."

सावित्राबाईनं कुणाला सांगितलं नाही. नंतरचे दिवस ती बंगल्यांवर चादरी धूत राहिली आणि फोन लुगड्याच्या ओच्यात ठेवत राहिली. सारिका बाळंत झाल्याची बातमी तिला भावाच्या घरून आली नाही. जैतुनबीच्या एका गिऱ्हाइकानं ती दुकानात सांगितली. मुलगा झाला होता, आदल्या दिवशी. सावित्राबाईनं हातातलं काम टाकलं.

दवाखान्यात मुक्ताबाईनं तिला पाहून पदर सारखा केला आणि नजर वळवली. सावित्राबाई वहिनीशी बोलायला गेलीच नाही. ती सरळ सिस्टरपाशी गेली आणि विचारलं. सिस्टर वैतागलेली होती. ती म्हणाली, बाळाचं पॉझिटिव्ह आलंय, इंजेक्शन द्यावंच लागणार. दवाखान्यातला साठा संपलाय, परवापर्यंत येईल पण खात्री नाही. बाहेरून आणा म्हणून पेशंटच्या वडिलांना कालच सांगितलंय. महिपती खिडकीशी उभा होता. तो म्हणाला, "बघतोय ना मी. जावयाला इचारल्याशिवाय कसं आनू? आन त्याला काय सांगू, सुई कशाची म्हनून?"

मुक्ताबाई म्हणाली, "पोरगी चांगली उठून बसलीया. बाळ बी छान हाय."

सावित्राबाईनं दोघांकडं पाहिलं. भांडायला तिच्याजवळ पुष्कळ होतं, पण भांडत बसायला वेळ नव्हता. तिनं सिस्टरकडून इंजेक्शनचं नाव लिहून घेतलं आणि ती बाहेर पडली.

गावातल्या दोन औषधांच्या दुकानांत ते नव्हतं. तिसऱ्यानं फोनाफोनी करून सांगितलं की तळेगावच्या एका दुकानात आहे. तिनं गाडी पकडली. दुकानदारानं बाटली बर्फाच्या पाकिटात गुंडाळून दिली आणि बजावलं, गरम होऊ देऊ नका, नाही तर उपयोग नाही. हिवाळ्यात गार पाण्यात धुणं-भांडी करून चार पैसे तिनं साठवले होते, ते त्यात गेले. परतीच्या गाडीत ती पिशवी छातीशी धरून बसली, मग छातीची ऊब लागेल म्हणून लांब धरली. समोरच्या बाईनं विचारलं, काय आहे त्यात? मासळी, असं ती म्हणाली.

तिनं सुई टोचताना बघायचं ठरवलं होतं, आणि सिस्टरनंही तिला हटकलं नाही. पाकीट उघडलं तेव्हा आत एक बाटली होती, करंगळीच्या पेरापेक्षा थोडी मोठी. सिस्टरनं त्यातलं पाणी सुईत ओढलं. चमचाभरही नसेल ते.

"एवढीच?" सावित्राबाईनं विचारलं.

"एवढीच," सिस्टर म्हणाली.

सारिकानं ओठ दाबून डोळे मिटले. एका श्वासात सगळं संपलं. सिस्टरनं कापूस दाबला आणि ती पुढच्या खाटेकडं गेली. सारिका आत्याकडं बघून काहीतरी बोलणार होती, पण मुक्ताबाईनं बाळ उचलून तिच्या कुशीत दिलं आणि त्यावर दुपटं ओढून घेतलं, नीट, कडेपर्यंत. मग सावित्राबाईला हलक्या आवाजात म्हणाली, "वन्सं, उपकार झाले. पर आता निघा तुमी. तिची सासू संध्याकाळच्या गाडीनं येतीया."

"इचारलं तर काय सांगशीला, सुई कशाची?"

"ताकदीची म्हनून सांगीन."

सावित्राबाईनं मान हलवली. बाळ तिनं लांबूनच पाहिलं. दुपट्यातून त्याचा एक पाय बाहेर आला होता, तांबूस, चांगला भरलेला. पिवळेपणाचा कुठं मागमूस नव्हता. दुसरंही असंच होईल, तिसरंही. त्यांना जन्मभर कळणार नाही की त्यांच्या जगण्यात असं काही विशेष होतं.

शुक्रवार होता. बंगल्यावर पाहुणे यायचे होते आणि पलंगांवर अजून चादरी घालायच्या होत्या. ती जिना उतरून स्टेशनच्या रस्त्याला लागली.